सातव्या महिन्यानंतरचं तूप

आमच्या घरी तूप कुणी मागत नसे. ते वाढलं जाई. दुपारच्या जेवणाला सासूबाई पितळेची पळी घेऊन फिरत आणि ज्याच्या अंगावर इष्टलिंग, म्हणजे गळ्यातलं शिवलिंग आहे त्याच्या ताटात एक पळी तूप घालत. सासरे असोत, माझे यजमान असोत, मी असो, की गावाहून आलेला पाहुणा असो, सगळ्यांना एकच पळी. आम्ही लिंगायत. आमच्यात मूल जन्मल्याबरोबर त्याच्याही अंगावर लिंग बांधतात. त्यामुळे तान्ह्या पोराच्या वाट्याचीही एक पळी असे आणि ते जेवायला लागेपर्यंत ती त्याच्या आईच्या ताटात पडे. सासूबाईंनी हा हिशेब कधी चुकू दिला नाही.

या नियमाला एक अपवाद होता. घरातल्या गरोदर बाईला सातवा महिना लागला की तिचं तूप बंद होई. आणि तूप म्हणजे नुसतं तूप नाही. तेलाची फोडणी, जवसाची चटणी, शेंगदाणे, तीळ, खोबरं, सायीचं दूध, जे जे ओशट असेल ते सगळं बंद. ज्वारीची भाकरी, बिनफोडणीचं वरण, उकडलेली भाजी आणि वाटीभर ताक एवढंच ताटात असे. बाळंत झाल्यावर मात्र तिसऱ्या दिवसापासून तूप, डिंक, खोबरं इतकं पोटात घालत की बाई जेरीस येई.

कारण असं सांगत की शेवटच्या महिन्यांत ओशट खाल्लं की पोटातलं लेकरू अंग धरतं, आणि अंग धरलेलं लेकरू अडतं. लेकरू लहान असलं की बाई सुखरूप सुटते. एकदा बाहेर आलं की वाढवायला आपण आहोतच.

सेलूला मोंढ्याकडे, म्हणजे धान्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं किराणा-भुसाराचं दुकान होतं आणि दुकानामागे घर. मी लग्न होऊन आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. माझं माहेर चारठाण्याजवळचं. आई मी नऊ वर्षांची असतानाच गेली होती, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी करायचा रिवाज माझ्या बाबतीत पाळता आला नाही. दोन्ही बाळंतपणं सासरी झाली आणि दोन्ही वेळा ताटात काय पडायचं ते सासूबाईंनी ठरवलं.

पहिल्या वेळी मी काहीच बोलले नाही. सांगितलं ते खाल्लं. शेजारच्या घरात करडीच्या तेलात लसणाची फोडणी पडली की वास भिंतीवरून येई आणि मी हातातलं काम टाकून उभी राही. आठव्या महिन्यात हिवतापही येऊन गेला. मुलगी झाली ती महिनाभर आधीच आलेल्या पोरीसारखी दिसत होती, पण दिवस पुरे भरले होते. कातडी सैल, मांड्यांवर सुरकुत्या. घरातले चांदीचे वाळे तिच्या पायात घातले तर टाचेवरून निसटून पडले. सासूबाईंनी ते दोऱ्यानं घोट्याला बांधले.

बाळंत झाल्यावर ठरल्याप्रमाणे तूप सुरू झालं. तीन महिने ताकावर राहिलेल्या पोटाला ते कसलं सोसतंय! आठवडाभर मला ढाळ लागले. दूध यायचं, पण पोरीला ओढायला जोर नव्हता. दोन घोट घेऊन ती झोपून जाई. मान धरायला तिला पाच महिने लागले. बसायला वर्ष उलटलं. आवाज दिला तर वळून बघायला तिला इतका वेळ लागे की मला बहिरी आहे की काय अशी शंका आली. बहिरी नव्हती. फक्त प्रत्येक गोष्टीला तिला वेळ लागे.

सासूबाई म्हणत, "नाजूक हाय. व्हईल हळूहळू."

मीही तेच म्हणत होते. पण त्याच सुमारास आमची म्हैस व्यायली आणि मला विचार करायला एक गोष्ट मिळाली.

सेलूत जिनिंग असल्यामुळे सरकीला तोटा नव्हता. गाभण म्हशीला शेवटचे दोन महिने भिजवलेली सरकी आणि पेंड मिसळून आंबोण द्यायचं हे आमच्याकडे ठरलेलं. त्या वर्षी मात्र अवकाळी पावसात सरकीची पोती भिजली आणि बुरसली. म्हशीला कडब्यावरच काढावं लागलं. ती व्यायली ती इतकं मरतुकडं रेडकू घेऊन की त्याला आचळापर्यंत जाता येईना. सासूबाई गोठ्यात त्याला दोन्ही हातांनी धरून उभं करत होत्या आणि म्हणत होत्या, "शेवटच्या दोन महिन्यांत आईच्या पोटात ओशट पडलं न्हाई का असंच व्हतंय. आता वरून किती बी घाला."

मी थोरलीला कडेवर घेऊन शेजारी उभी होते. सासूबाईंनी हे वाक्य रेडकाकडे बघत म्हटलं. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. रेडकू आठ दिवसांनी मेलं.

दुसऱ्यांदा मला दिवस गेले तेव्हा थोरली चार वर्षांची होती. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं, पण घरात खायला कमी नव्हतं. योग असा की म्हैसही माझ्याच बरोबर गाभण होती. मला सातवा लागला आणि पहिल्याच दुपारी सासूबाईंची पळी माझ्या ताटावरून पुढे गेली. संध्याकाळी त्यांनी मला म्हशीसाठी सरकी भिजत घालायला सांगितलं. "जरा जास्तच घाल. मागल्या बारीला लय हाल झाले तिचे."

म्हशीला आंबोण ठेवायचं काम माझं होतं. पाटीत सरकी घालायची आणि वर तिळाची पेंड कुस्करायची. घाण्यावरची ताजी पेंड होती, तिला तिळाचा खमंग वास येई. चौथ्या दिवशी मी तिच्यातला एक तुकडा तोडून गुळाच्या खड्याबरोबर खाल्ला. मग रोज खायला लागले. आठवडाभरानं सासूबाई गोठ्यात आल्या तेव्हा माझं तोंड भरलेलं होतं.

"काय खायलीस गं?"

"पेंड."

"म्हशीची?"

"तिळाची."

"थूक आधी! सातवा लागलाय तुला."

मी थुंकले नाही, गिळलं. म्हटलं, "आत्याबाई, म्हशीला बी दिवस भरत आलेत. तिला पाटीभर सरकी आन् मला ताक. असं कामून?"

"म्हैस अडली तर चार बाप्ये दोर लावून वढतेत. तुला कोण वढायचं?"

"थोरलीच्या टायमाला मी अडले न्हाई. पर तिच्याकडं बगा. अजून दार धरून चालायलीय. रेडकू उभं राहिना तवा तुमीच म्हणल्या व्हत्या, आईच्या पोटात ओशट पडलं न्हाई म्हणून."

सासूबाईंचा चेहरा उतरला. आपण काय बोललो होतो ते त्यांना आठवलं असावं. पण त्या म्हणाल्या एवढंच, "बाई आन् म्हैस एक करायलीस? काय लाज हाय का न्हाई?" आणि पेंडीची टोपली उचलून घेऊन गेल्या. त्या दिवसापासून आंबोण त्या स्वतः ठेवायला लागल्या. त्या काळी सुनेनं इतकं बोलणं म्हणजे जास्तच होतं, हे मला माहीत आहे. पण बोलून माझा तोटा झाला तो पेंडीचा.

मी यजमानांना सांगितलं की आईंशी बोला. ते म्हणाले, "हे तेवढं सोडून दुसरं काही सांग."

"का?"

"आक्का कशी गेली तुला ठाऊक नाही का?"

मला एवढंच ठाऊक होतं की त्यांची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली. त्यांनी मग बाकीचं सांगितलं. आक्का बाळंतपणाला माहेरी म्हणजे याच घरी आली होती. लाडकी लेक, पहिलं पोर, म्हणून सासूबाईंनी शेवटचे तीन महिने तिला स्वतःच्या हातानं तूप चारलं. ती नको म्हणे तरी भाकरीवर ओतत. लेकरू अडलं. दीड दिवस ती अडलेली होती आणि मग दोघंही गेली. तूप बंद करायचा नियम आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला असेल असं मी धरून चालले होते. तो तसा नव्हता. आसपास तसं काही जण मानत, पण आमच्या घरात तो आक्कानंतर आला होता.

हे ऐकून मला वाईट वाटलं, पण भूक काही गेली नाही. उलट आता दोन्ही बाजूंनी धास्ती वाटायला लागली. तूप न खावं तर दुसरं मूलही थोरलीसारखं होणार. खावं तर आक्कासारखं व्हायचं. यातलं खरं काय ते सांगणारं माणूस आसपास नव्हतं. दवाखाना परभणीला, आणि तिथं बायका जात त्या मरायच्या वेळेला.

सासूबाई त्या दिवसांत दर सोमवारी सुताच्या धाग्यानं माझं पोट मोजत. धागा कमरेभोवती फिरवायच्या, जिथं टोक मिळे तिथं गाठ मारायच्या आणि मागल्या सोमवारच्या गाठीशी ताडून बघायच्या. अंतर वाढलेलं दिसलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. पूर्वी मला त्या मोजणीचा राग येई. आक्काची गोष्ट कळल्यावर मी हात वर करून मुकाट उभी राहायला लागले.

आठवा लागल्यावर आमच्यात एक विधी असतो. पोटातल्या जिवासाठी लिंग आणतात, जंगम स्वामी मंत्र म्हणून ते आईच्या अंगावर बांधतात आणि मूल जन्मलं की तेच त्याच्या गळ्यात घालतात. तोवर आई आपलं एक आणि त्याचं एक अशी दोन लिंगं वागवते. गंगाखेडकडचे एक म्हातारे स्वामी आमच्याकडे येत. थोरलीच्या वेळीही तेच आले होते. विधी झाला. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं ते लहानसं लिंग माझ्या गळ्यात आलं. मग जेवणं. एरवी आम्ही बायका पुरुषांच्या मागून जेवायच्या, पण त्या दिवशी गरोदर बाईचं ताट स्वामींच्या पंगतीतच, भिंतीच्या कडेला मांडायचा आमच्याकडे रिवाज होता.

सासूबाई पळी घेऊन निघाल्या. स्वामींना वाढलं, सासऱ्यांना वाढलं, यजमानांना वाढलं, त्यांच्या शेजारी बसलेल्या थोरलीलाही वाढलं आणि माझ्या ताटापुढून वळल्या. मी हे आधी ठरवून ठेवलं होतं असं कुणी म्हणेल, पण तसं नव्हतं. थोरलीच्या ताटात पळी पडलेली बघितली आणि मला सुचलं.

"आत्याबाई, एक पळी राहिली."

"तुझी बंद हाय."

"माझी न्हाई मागत. याची." मी पोटावर हात ठेवला.

सासरे घास घेता घेता थांबले. यजमान ताटाकडे बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "वाढायला त्याला तोंड कुठं हाय?"

"तान्ह्या लेकराला तरी कुठं असतंय? त्याची पळी आईच्या ताटात पडती. थोरलीची वरीसभर माझ्याच ताटात पडली. तुमीच वाढली."

स्वामी हसायला लागले. त्यांना पुढचे दात नव्हते, त्यामुळे हसले की सगळं तोंड उघडं पडे. ते म्हणाले, "बाई, आत्ता आपण काय केलं?"

"लिंग बांधलं."

"कुणाला?"

"लेकराला."

"आन् तुमच्या घरात लिंग असणाऱ्याला काय वाढतेत?"

सासूबाई म्हणाल्या, "स्वामी, तुमी जेवून जाताल. बाळंतपण मला करायचंय."

"ते बी खरंय," स्वामी म्हणाले. "मला त्यातलं काय कळतंय? मी आपलं पळीचं इचारलं." आणि त्यांनी भाकरीत लक्ष घातलं.

सासूबाई आत गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या एक लहान वाटी घेऊन बाहेर आल्या, तिच्यात एक पळी तूप घातलं आणि वाटी माझ्या ताटापासून वीतभर लांब ठेवली. "ही त्याची. तुझी न्हाई."

"न्हाई," मी म्हटलं आणि त्याची वाटी भाकरीवर ओतली.

त्या दिवसापासून ती वाटी रोज येऊ लागली. माझं तूप बंदच राहिलं. सासूबाईंनी आपला नियम मोडला नाही, फक्त दुसरा नियम पाळला. वाटी ठेवली की त्या तोंड फिरवून चुलीकडे जात. मी खाताना त्यांनी कधी बघितलं नाही. नवव्यात एकदा वाटीशेजारी तेल घातलेली जवसाची चटणी आली. मी वर बघितलं तर म्हणाल्या, "त्याला तोंडी लावायला." मग वरणाला फोडणीही पडायला लागली. सोमवारचा धागा मात्र चालू होता आणि गाठी आता झपाट्यानं पुढे सरकत होत्या. खरं सांगायचं तर मीही त्या गाठींकडे बघायला लागले होते. हट्ट करून खाल्लं होतं. आता अडले असते तर दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

मधल्या काळात म्हैस व्यायली. या खेपेला रेडी झाली आणि सासूबाई गोठ्यातून येऊन हात धूत म्हणाल्या, "उभी बी राहिली."

पहिल्या बाळंतपणाची सुईण मधल्या वर्षांत वारली होती. म्हणून स्टेशनापलीकडे राहणाऱ्या एका म्हाताऱ्या सुईणीला सांगून ठेवलं. तिचं नाव काढलं तेव्हा सासूबाई आधी नको म्हणाल्या होत्या, पण दुसरी जवळपास नव्हती.

कळा पहाटे सुरू झाल्या. दुपार झाली तरी काही नाही. सुईण मला चालवत होती, पोटावरून तेलाचा हात फिरवत होती, मधूनच शिव्याही देत होती. सासूबाई खोलीत आल्याच नाहीत. दाराबाहेर पाटावर बसून होत्या. दर थोड्या वेळानं दारातून त्यांचा आवाज येई, "काय म्हणायलंय?"

"यायलंय, माय. काय घाई हाय का त्याला?"

ऊन उतरायच्या सुमारास मूल झालं. मुलगी. रडली ती अशी की दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावलं. सासूबाईंनी बाहेरून विचारलं, "ही कशी हाय?" मला वाटलं त्या मुलीबद्दल विचारताहेत. सुईण म्हणाली, "लेकरू भरलेलं हाय." तर सासूबाई ओरडल्या, "लेकराचं न्हाई इचारलं. ही कशी हाय?"

"ही? हिला भूक लागलीय म्हणती," सुईण म्हणाली. मी तसं म्हटलं नव्हतं, पण ते खरं होतं.

पाचव्या दिवशी सुईण अंगणात उन्हाला बसून, पाय पसरून त्यांवर पोरीला पालथी घालून तेल लावत होती. मी दारात टेकून बसले होते. सासूबाई चांदीचे वाळे घेऊन आल्या आणि पोरीच्या पायात घालायला लागल्या. टाचेच्या पुढे वाळा जाईना.

"एवढं तूप खाऊन बी सुटली," त्या सुईणीला म्हणाल्या. "हिचं नशीब जबर म्हणायचं."

सुईण हात न थांबवता म्हणाली, "तुपाचा काय संबंध? डोकं खाली व्हतं, आलं. येळ लागला तो हिची कंबर बारीक हाय म्हणून."

"माझ्या लेकीचं न्हाई आलं."

आता सुईणीचा हात थांबला. "माय, तुमच्या लेकीचं आडवं व्हतं. आधी हात आला व्हता बाहेर. तिला तुमी नुसतं पाणी पाजलं असतं तरी त्येच झालं असतं."

सासूबाईंनी वाळा पोरीच्या पायातून काढून घेतला. म्हणाल्या, "मग हे मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तुमी कवा सांगू दिलं? त्या दिवशी मला हाकलून लावलं. बारा वर्सं या दारात पाय ठिवू दिला न्हाई. हिच्या थोरलीला दुसरी बोलावली. रस्त्यात दिसले तर तुमी तोंड फिरवून जायच्या. मी काय मोंढ्यात उभी राहून सांगू?"

सासूबाई उठल्या आणि आत गेल्या. सुईणीनं पोरीला उताणी केली आणि छातीला तेल लावायला लागली. मला म्हणाली, "जा आत. वाऱ्याला बसू नकोस." मी आत गेले. सासूबाई देवघरापुढे उभ्या होत्या. तिथल्या कोनाड्यात त्यांनी माझ्या पोटाचे मोजलेले धागे ठेवले होते. ते काढून त्यांनी चुलीत टाकले. मला बघितल्यावर म्हणाल्या, "वाळे सोनाराकडं द्यायला सांग. वाढवून घ्यावे लागतेत." एवढंच. आक्काबद्दल त्या माझ्याशी तेव्हाही बोलल्या नाहीत आणि नंतरही नाही.

धाकटीनं तिसऱ्या महिन्यात मान धरली, सहाव्यात बसली, वर्षाच्या आत दार न धरता चालली. थोरली तिच्याकडे बघून भिंत सोडायला शिकली असं आम्ही गमतीनं म्हणत असू.

आता दोघींचीही लग्नं झालीत. धाकटीच्या बाळंतपणाच्या वेळी मी तिला दवाखान्यात घेऊन गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंना ही हकिगत सांगितली. त्यांनी सांगितलं की शेवटच्या तीन महिन्यांत पोटातलं मूल फार झपाट्यानं वाढतं. त्याचा मेंदू तेव्हाच भरत असतो, कातडीखाली चरबी तेव्हाच साठते आणि त्यासाठी लागणारं ओशट ते आईकडूनच घेतं. आई जे खाते त्यातून घेतं, नाहीतर तिच्या अंगातलं ओढून घेतं. साजूक तूपच हवं असं नाही, जवस, तीळ, शेंगदाणेही तितकेच कामाचे. जवसाचं त्यांनी दोनदा सांगितलं. आमच्याकडे नेमकी जवसाची चटणीही ओशट म्हणून बंद होई.

हे ऐकून बरं वाटलं, पण मी दोन बाळंतपणांवरून छाती ठोकून काही सांगणार नाही. पहिल्या खेपेला मला हिवताप होता. वय सतरा होतं. दुसऱ्या खेपेला एक वाटी तूप जास्त मिळालं म्हणून सगळं झालं, असं म्हणणं सोपं आहे. शिवाय थोरली पुढे भरून आली. अंगानं ती अजून लहानखुरी आहे, पण शाळेत मास्तरीण आहे आणि तोंडानं कुणाला ऐकत नाही. उशीर झाला, एवढंच मी म्हणेन. तो उशीर तिला करावा लागला नसता तर बरं झालं असतं.

धाकटीच्या जन्मानंतर दोन वर्षांनी, नुकतंच लग्न होऊन आलेल्या माझ्या धाकट्या जावेला दिवस गेले. तोवर सासूबाईंचे गुडघे धरले होते आणि दुपारी पळी घेऊन फिरायचं काम माझ्याकडे आलं होतं. जावेला सातवा लागला त्या दुपारी मी वाढत वाढत तिच्या ताटाशी आले. पुरुषांची पंगत उठली होती, आम्ही बायकाच होतो. सासूबाई भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. जावेनं हात आधीच ताटावर आडवा धरला होता. घरातला नियम तिला आल्या दिवसापासून माहीत होता.

मी सासूबाईंकडे बघितलं.

"हात काढ गं," त्या तिला म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, "दोन वाढ."

"अजून लिंग बांधायचंय, आत्याबाई. ते आठव्यात."

"मला नको शिकवू. दोन वाढ म्हणलं ना."

मी दोन पळ्या वाढल्या.